मोटारीच्या विजेचा जमाखर्च

मोटार बाळगणाऱ्या कुटुंबात एखादे दिवशी सकाळी किल्ली फिरवावी आणि यंत्राने नुसता एक क्षीण 'टक्' असा उद्गार काढून गप्प बसावे, हा प्रसंग कधी ना कधी येतोच. त्यावर घरातील मंडळींचे निदानही ठरलेले असते : बॅटरी गेली. मेकॅनिक येतो, जुनी बॅटरी जाते, नवी येते, पैसे मोजले जातात. आणि आठपंधरा दिवसांनी पुन्हा तोच 'टक्'. म्हणजे पहिल्या वेळी जिला शिक्षा झाली ती बिचारी निरपराध होती. बॅटरी ही मोटारीची नुसती तिजोरी आहे. तिजोरी रिकामी आढळली, तर तिजोरीलाच भोक पडले आहे, की घरातील मिळवता काही मिळवून आणीत नाही, की रात्री कोणी गुपचूप पैसा काढून नेतो आहे, या तीन प्रश्नांचा शोध निरनिराळा घ्यावा लागतो. हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर काही मोजमाप केल्यावाचून मिळत नाही, एवढी साधी गोष्ट मोटारीच्या धंद्याला पचनी पडण्यास पुष्कळ वर्षे लागली. आणि ती सर्वत्र पडली आहे असे अद्यापि म्हणवत नाही.

या घरात तिजोरी प्रथम आली आणि मिळवता मागाहून आला, ही या इतिहासातील पहिली मौज. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये अटकाव ठेवून गुंडाळले व ते सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन:पुन्हा भरता येईल असा पहिला विद्युत्संचायक सिद्ध केला. परंतु तो भरावयाचा कशाने? व्यवहारोपयोगी डायनामो त्या वेळी कोठेच नव्हता. तेव्हा एका जातीच्या घटांतील वीज खर्चून दुसऱ्या जातीचे घट भरावयाचे, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होता. पुढे १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने शिशाच्या भस्माचा लगदा पत्र्यांवर थापण्याची युक्ती काढली, तेव्हा संचायकात वीज अधिक मावू लागली आणि तो थोडक्या वेळात तयारही होऊ लागला. तोवर डायनामोही कारखान्यांतून फिरू लागला होता. १८८२ साली ग्लॅडस्टन व ट्राइब या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी या पेटीच्या पोटात काय घडते याचा उलगडा केला : वीज खर्च होताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे गंधकित साचते आणि आम्लातील गंधकाम्ल कमी होऊन पाणी वाढते. वीज परत भरली की हीच क्रिया उलट होते.

या उलगड्याचा मोटारवाल्याला मोठाच लाभ झाला, तो असा की बॅटरीतील शिल्लक तिच्या पाण्यावरून ओळखता येऊ लागली. पूर्ण भरलेल्या घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असते आणि घट रिता होताना ते १.१२ पर्यंत उतरते. दूध मापण्याच्या लॅक्टोमीटरचाच भाऊबंद असलेला हायड्रोमीटर आम्लात सोडला की तरंगणारी काचेची नळी मुकाट्याने खरे ते सांगते. हिंदुस्थानासारख्या उष्ण मुलुखात मात्र आम्ल मुळातच थोडे सौम्य, म्हणजे १.२४ च्या सुमाराचे वापरण्याचा प्रघात पडला. कारण उष्म्यात तीव्र आम्ल पत्रे लवकर खाते. हा भेद ध्यानात न घेता विलायती पुस्तकातील आकडे येथे लावले, तर धडधाकट बॅटरीही रोडावलेली ठरावी!

एवढे होऊनही पहिल्या मोटारींना बॅटरीची विशेष गरज नव्हती. दिवे तेलाचे अथवा ॲसिटिलीन वायूचे असत, ठिणगी पाडण्यास मॅग्नेटो होता आणि यंत्र चालू करण्यास माणसाचा दंड होता. हा दंड मात्र पुष्कळदा मोडे. ठिणगीची वेळ मागे घेण्याचे चालकाच्या हातून राहिले, तर यंत्र अवसान घेऊन उलट उसळे आणि लोखंडी हँडल हातावर आपटे. मनगटाजवळील हाडाच्या एका विशिष्ट मोडीला शल्यवैद्यकात 'शोफरचा अस्थिभंग' असे नावच पडले, यावरून हा अपघात किती नित्याचा होता याची कल्पना येईल. अमेरिकेतील मोटार-कारखानदार बायरन कार्टर हा १९०८ साली मरण पावला. रस्त्यात अडलेल्या एका बाईची मोटार चालू करून देताना हँडलचा तडाखा बसला व त्या दुखण्यातच त्याचा अंत झाला, अशी हकीकत सांगतात. तिच्या तपशिलाविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लीलंड याच्या मनाला ही गोष्ट लागली आणि हँडल कायमचे घालविण्याचा त्याने निश्चय केला, असेही त्याच हकीकतीत येते. निश्चय कशाने का झाला असेना, काम ज्याच्याकडे गेले तो मनुष्य मोठा विलक्षण होता.

चार्ल्स केटरिंग हा ओहायोतील डेटन गावचा. तेथील रोकडयंत्रांच्या कारखान्यात त्याने गल्ल्याचा खण विजेने उघडण्याची योजना केली होती. मोटारीचे यंत्र फिरविण्यास विजेची जी मोटर लागेल ती खुद्द यंत्राएवढीच बोजड होईल, असा विद्वान एंजिनिअरांचा हिशेब होता, आणि तो कागदावर बरोबरही होता. केटरिंगने हिशेबातील एक गृहीत तेवढे बदलले. गल्ल्याच्या खणाप्रमाणेच मोटारीलाही जोर हवा तो क्षणभर. अष्टौप्रहर राबणाऱ्या मोटरवर जो बोजा टाकणे म्हणजे तिला जाळून टाकणे, तो बोजा दोनतीन सेकंद टाकण्यास काय हरकत आहे? १९०९ साली त्याने एडवर्ड डीड्स याच्यासमवेत 'डेल्को' ही संस्था काढली, १९११ च्या आरंभी लीलंडला प्रयोग करून दाखविला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या विजेने चालू होणाऱ्या अशा बाजारात आल्या. एकच यंत्र आधी मोटर होऊन एंजिन फिरवी व मग डायनामो होऊन बॅटरी भरी. चालू करताना २४ व्होल्ट, भरताना ६ व्होल्ट, अशी ती रचना होती. हेन्री फोर्डच्या स्वस्त 'मॉडेल टी' गाडीला हे सुख मिळावयास १९१९ साल उजाडले.

केटरिंगच्या या घटनेमुळे मोटारीत विजेचा संसार सुरू झाला, आणि संसार म्हटला की जमाखर्च आलाच. हा जमाखर्च आकड्यांनी पाहिला म्हणजे पुष्कळ भ्रम दूर होतात. चालू करताना २०० ॲम्पिअर प्रवाह तीन सेकंद वाहिला, तर खर्च होतो तो एका ॲम्पिअर-तासाच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा. पाच ॲम्पिअरने भरणारा डायनामो तो दोनअडीच मिनिटांत फेडून टाकतो. उलट, पंचावन्न वॅटचे दोन पुढचे दिवे विसरून लागलेले राहिले, तर दर तासाला नऊ ॲम्पिअर-तास जातात आणि पंचेचाळीस ॲम्पिअर-तासांची बॅटरी पाच तासांत कोरडी पडते. ज्याचा गडगडाट ऐकू येतो तो खर्च क्षुल्लक आणि जो निमूटपणे होत असतो तो बुडविणारा!

आता मिळवत्याविषयी. प्रारंभीच्या डायनामोंना 'तिसरा ब्रश' नावाची एक योजना असे. या ब्रशची जागा सरकवून प्रवाह किती निघावा ते ठरवीत. परंतु बॅटरी भरली आहे की रिती आहे याची दखल ती योजना मुळीच घेत नसे. परिणाम असा होई की शहरात रात्री दिवे लावून थोडथोडे फिरणाऱ्या डॉक्टराची बॅटरी उपाशी राही, तर भर उन्हात दिवसभर लांब दौड करणाऱ्या प्रवाशाची बॅटरी अति भरण होऊन उकळू लागे. म्हणून जाणते लोक सल्ला देत की, लांबच्या प्रवासात भर दुपारी पुढचे दिवे लावून गाडी हाकावी! थंडीच्या आरंभी ब्रश एका बाजूस सरकवावयाचा आणि उन्हाळ्याच्या तोंडी दुसऱ्या बाजूस, हे तर मेकॅनिकचे वार्षिक कर्मच होते. त्या काळी 'बॅटरी खराब' या तक्रारीतील पुष्कळ तक्रारी वस्तुत: ब्रश चुकीच्या जागी असल्याच्या होत्या, पण बॅटरी विकणाऱ्याने ते सांगावे तरी कशाला?

याहूनही कपटी असे एक लहान साधन डायनामोच्या डोक्यावर बसलेले असे, त्याचे नाव कट-आउट. डायनामो वेगाने फिरतो तेव्हा त्याचा विद्युद्दाब बॅटरीहून अधिक असतो व वीज बॅटरीकडे जाते. यंत्र मंदावले की दाब उतरतो. त्या वेळी दोहोंमधील वाट उघडीच राहिली तर प्रवाह उलटतो आणि बॅटरी डायनामोलाच मोटरप्रमाणे फिरवू पाहते. ही वाट वेळेवर बंद करणारा द्वारपाल म्हणजे कट-आउट. त्याचे स्पर्शबिंदू ठिणग्यांनी जळून एकमेकांस चिकटले, की रात्रभर दार सताड उघडे! सकाळी बॅटरी निर्जीव आणि डायनामो गरम. मालक दिव्यांची बटणे तपासतो, ती सर्व बंद असतात. चोर तर वसुली करणाऱ्याच्याच घरात दडलेला असतो. जुने कारागीर यावर एक उपाय करीत, तो आजही शिकण्याजोगा आहे. सर्व बटणे बंद करून बॅटरीची एक तार सोडावयाची आणि तार व खुंटी यांच्यामध्ये एक लहान दिवा जोडावयाचा. दिवा उजळला तर कोठे तरी गळती आहे. मग एकेक शाखा सोडीत जावयाचे. ज्या शाखेबरोबर दिवा विझेल तीत दोष. उपकरण चार पैशांचे; परंतु त्यामागील विचारपद्धती मात्र शुद्ध शास्त्रीय आहे : संशयितांपैकी एकेकाला खोलीबाहेर काढून पाहावयाचे.

दुसरी एक परीक्षा मोटारीच्या जुन्या पुस्तकांतून नेहमी येई. पुढचे दिवे लावून स्टार्टर दाबावा. दिवे तसेच प्रखर राहिले आणि यंत्र हलले नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. ते हळूहळू मंदावले, तर बॅटरी रिती आहे किंवा स्टार्टर अडकला आहे. आणि ते एकदम मेले, तर बॅटरीच्या खुंटीवरील सांधा सैल आहे अथवा त्यावर पांढराहिरवा क्षार चढला आहे. तो क्षार कोमट पाण्याने धुऊन सांधा आवळल्याने किती बॅटऱ्या पुनर्जन्म पावल्या असतील याची गणती नाही. पंख्याचा पट्टा सैल पडून डायनामो घसरत फिरणे हे आणखी एक क्षुद्र कारण. बोटाने पट्टा दाबून पाहण्याइतकेच त्याचे निदान सोपे, आणि म्हणूनच ते बहुधा कोणी करीत नाही.

तिसऱ्या ब्रशची अंदाधुंदी १९३० नंतरच्या वर्षांत दाब-नियामकाने संपविली. बॅटरी भरत आली की तिचा दाब चढतो; तो विवक्षित मर्यादेला पोचताच चुंबकाने ओढलेली एक पट्टी थरथरत डायनामोची उत्तेजना तोडते व जोडते. इंग्लंडात हे काम बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या काळ्या पेटीकडे असे. त्या कंपनीचा संस्थापक जोसेफ लुकास हा तरुणपणी रस्तोरस्ती दिव्याचे तेल विकणारा मनुष्य. पुढे विजेच्या दिव्यांनी रुसण्याचा जो सपाटा लावला त्यावरून इंग्रज लोकांनी थट्टेने त्याला 'अंधाराचा राजपुत्र' म्हटले. थट्टेतील अतिशयोक्ती सोडून दिली, तरी लुकासच्या पुस्तिकांनी मेकॅनिकला निदानाचा क्रम शिकविला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. डायनामोची 'डी' व 'एफ' ही दोन टोके एका तारेने जोडावयाची, यंत्र मंद गतीने चालवावयाचे आणि व्होल्टमापक लावावयाचा. काटा भराभर चढला तर डायनामो निर्दोष आहे व अपराधी नियामक. काटा हललाच नाही तर डायनामोच आजारी. बापाला सोडून बेट्याला व बेट्याला सोडून बापाला विचारण्याची ही रीत.

स्वतंत्र हिंदुस्थानात हेच शास्त्र हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसॅडरबरोबर आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाटबरोबर गॅरेजांतून पसरले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा चालक पुस्तक न वाचताही ते जाणत असे. उतारावर गाडी उभी करावी, म्हणजे सकाळी धक्का मारावयास माणसे शोधावी लागत नाहीत, हे त्याच्या व्यवहारज्ञानाचे एक कलम. आणि अँबॅसॅडरला तर बंपरमधून हँडल घालण्याची सोय पुष्कळ वर्षे टिकून होती. नाक्यावरच्या चार्जिंगच्या दुकानात डांबराने बंद केलेल्या काळ्या रबरी पेट्या ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येक घटाची शिशाची पट्टी उघडी असल्यामुळे दुकानदार दोन टोकदार पायांचे मापक रोवून सहांपैकी कोणता घट मेला ते नेमके दाखवी. प्रत्येक निरोगी घट दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाखवावा, हा नियम अंगठेबहाद्दरालाही पाठ होता.

ही प्रत्यक्ष पाहण्याची सोय पुढे क्रमाक्रमाने नाहीशी झाली, हा या इतिहासाचा खेदजनक भाग. प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या आणि घटांमधील जोड आत दडले. १९७० नंतर पाणी न घालाव्या लागणाऱ्या बंद बॅटऱ्या आल्या आणि हायड्रोमीटर अडगळीत गेला. त्याआधीच मोटारीच्या फळीवरील ॲमीटर जाऊन त्याच्या जागी लाल दिवा बसला होता. ॲमीटर 'इतके येते, इतके जाते' असे सांगे. लाल दिवा सर्वस्व बुडाल्यावर तेवढा ओरडतो. अमेरिकेत या दिव्यांना 'मूर्खांचे दिवे' म्हणत. त्यात कारखानदाराची काटकसर किती आणि चालकाचा आळस किती हा प्रश्न निराळा, परंतु मालकाच्या हातून हिशेबाची वही काढून घेतली गेली एवढे खरे.

याच सुमारास मिळवताही बदलला. सिलिकनचे डायोड स्वस्त झाले तेव्हा प्रत्यावर्ती प्रवाह जागच्या जागी एकदिश करणे शक्य झाले आणि क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीला डायनामोऐवजी आल्टर्नेटर बसविला. यंत्र मंद चालत असतानाही तो वीज देतो, हा त्याचा मोठा गुण. दिव्यापाशी खोळंबलेल्या गाडीची बॅटरी आता खंगत नाहीशी झाली. कट-आउटही गेला, कारण डायोड स्वभावत:च वीज उलट जाऊ देत नाही. परंतु जुना चोर नव्या वेषात आला. एखादा डायोड बिघडला की त्यातून रात्रभर वीज परत झिरपते, आणि दिवसा भरण अर्धवट होते. कित्येक रचनांत तर लाल दिव्यातून जाणारा किंचित प्रवाहच आल्टर्नेटरला जागे करतो. म्हणजे तो चिमुकला दिवा जळाला की इशाराही नाही आणि मिळकतही नाही. साक्षीदार मेल्यावर खटला उभा राहू नये, तसा हा प्रकार.

डायनामोच्या काळातील एक परीक्षा मात्र या बदलानंतरही गॅरेजातून हलली नाही, आणि तिने फार नुकसान केले आहे. यंत्र चालू असता बॅटरीची तार काढावयाची. यंत्र चालत राहिले तर भरण ठीक, बंद पडले तर डायनामो खराब. जुन्या गाडीला हे एक वेळ सोसत असे. आल्टर्नेटरच्या गाडीत बॅटरी एकाएकी दूर झाली की दाब उसळून डायोड, नियामक आणि गाडीतील संगणक जळू शकतात. शंभर रुपयांच्या व्होल्टमापकाने जे समजते त्यासाठी हजारोंची आहुती! यंत्र बंद ठेवून काही तास विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टांच्या आसपास दाखविते, १२.२ च्या सुमारास ती निम्मी रिकामी असते, आणि यंत्र चालू केल्यावर तिच्या खुंट्यांवर साधारणत: १३.८ ते १४.७ व्होल्ट मिळावे लागतात. चालू यंत्रावर आकडा वर चढलाच नाही तर मिळवत्याकडे जावे. तो पंधराच्या पलीकडे गेला तर नियामक बेलगाम झाला आहे. दोन्ही आकडे योग्य असून सकाळी बॅटरी मेलेली आढळली तर, आणि तेव्हाच, गळतीचा शोध घ्यावा.

हा शोध आता पूर्वीपेक्षा नाजूक झाला आहे. आधुनिक गाडी बंद केली तरी पुरती झोपत नाही. चोरघंटा, किल्लीची हाक ऐकणारा कान, घड्याळ, संगणकांच्या स्मृती यांना मिळून २० ते ५० सहस्रांश ॲम्पिअर एवढा प्रवाह लागतोच. ५० सहस्रांश म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, चाळीस ॲम्पिअर-तासांची बॅटरी सतरा दिवसांत निम्मी होते, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा सोसायट्यांच्या आवारात उभ्या राहिलेल्या असंख्य गाड्या काही आठवड्यांनी हूं की चूं करीनात, त्याचे कारण हेच. शिवाय जुना दिवा-उपाय येथे जसाच्या तसा चालत नाही. दार उघडताच सारे संगणक जागे होतात व प्रवाह कित्येक ॲम्पिअरपर्यंत चढतो. त्यांना पुन्हा झोप लागण्यास कधी वीस मिनिटे, कधी तासभरही थांबावे लागते. उतावळा मेकॅनिक हा जागेपणाचा खर्च पाहून गळती सापडली असे समजतो आणि निर्दोष यंत्रे बदलीत सुटतो. फ्यूज उपटून पाहावा तर तो परत बसविताना पुन्हा सर्वांना जाग येते. म्हणून कुशल लोक फ्यूज जागीच ठेवून त्याच्या दोन टोकांतील अतिसूक्ष्म दाब मोजतात व त्यावरून त्या शाखेत प्रवाह वाहतो की नाही हे ठरवितात. मागाहून बसविलेले कॅमेरे आणि मार्गदर्शक यंत्रे या शोधात पुष्कळ वेळा सापडतात.

विजेवरच चालणाऱ्या मोटारी आल्यावर हा सारा व्याप संपेल, अशी अनेकांची समजूत होती. त्या गाड्यांच्या पोटात शेकडो व्होल्टांचा प्रचंड साठा असतो. तथापि तो साठा जोडणारी कळ दाबण्यास, दिवे लावण्यास, कित्येक गाड्यांत तर दार उघडण्यासही वेगळी १२ व्होल्टांची लहान बॅटरी लागते, आणि ती पुष्कळ गाड्यांतून प्लांतेच्या वंशातील शिशाचीच असते. आल्टर्नेटरच्या जागी मोठ्या साठ्यातून दाब उतरवून देणारे एक स्थिर उपकरण तिला भरते. ही लहान बॅटरी रिती झाली, तर भरलेल्या साठ्यासकट गाडी जागची हलत नाही. आणि मेकॅनिक येऊन प्रथम तिच्या दोन खुंट्यांवर व्होल्टमापक लावतो व १२.६ आहे का ते पाहतो.